एक पोल जोरात, एक पोल हळू

मधुकर, तुझ्या तेरवीले मी जिंकलो. तू नव्हता, म्हणून सांगून राहिलो.

सौंसरले तुझ्याच आंगणात पंगत बसली होती. माझ्या बाजूले लोधीखेड्याचे मामा. पत्रावळीवर बुंदी पडली तसे मामा चार माणसांले ऐकू जाईन असे बोलले, "पाहा वासुदेवराव, तो पळून पळून गेला. अन् तुम्ही आरामात चालता, तं आरामात बसून जेवून राहिले." समोरच्या रांगेतून कोणी तरी म्हटलं, "दम लागेस्तोवर कायले चालावं माणसानं? देह का मशीन आहे?" मंग काय, सगळेच सुरू झाले. हृदय बसलं असन म्हणे. जाड माणसानं जोर करूच नाही म्हणे. वासुदेवरावाचं डोकं ठिकाणावर आहे म्हणे.

कित्येक वर्षं मी हेच ऐकाले तरसलो होतो, लेका. तुझ्या घरच्या माणसांसमोर कोणी तरी म्हणावं की वासुदेव बरोबर अन् मधुकर चूक. म्हटलं शेवटी. सगळ्यांनी म्हटलं. अन् मी हातातला बुंदीचा घास परत पत्रावळीवर ठेवला.

ज्याले साडू आहे त्यालेच साडू काय असते ते समजते. भाऊ नाही की वाटणी मागावी, मित्र नाही की सोडून द्यावं. दोन बहिणींचे दोन नवरे, सारी जिनगी सासुरवाडीच्या एकाच तराजूत बसलेले. पुष्पाताई थोरली, सुनंदा धाकटी, म्हणून तू थोरला जवाई अन् मी धाकटा. वयानं मी तुझ्याहून मोठा, पण सासूबाईच्या मोहगावच्या घरात पाट पहिला तुझा, पान पहिलं तुझं, अन् चहाचा कपबी पहिला तुझ्याच हातात. मी तुझ्यावर जळत होतो, मधुकर. हे तुले माहीत होतं अन् तुले माहीत आहे हे मलेबी माहीत होतं. आता तू नाही तं जळणं थांबलं असन, असं लोकांले वाटते. नाही थांबलं.

मी त्या घरचा जवाई झालो तेव्हा बिजली ऑफिसात लाइनमन होतो. वाळका, पोलावर चढणारा. तू संत्र्याच्या बागेचा मालक, गोल गरगरीत. सासूबाई तुझ्याकडं पाहून खुश, "जवाई कसे भरलेले दिसते!" अन् माझ्याकडं पाहून म्हणत, "हा पोट्टा तं वाळूनच राहिला, वाढा याले." मंग मले ऑफिसातली खुर्ची भेटली अन् खुर्चीनं आपलं काम केलं. काही वर्षांत मी तुझ्याहून भारी झालो. एका धोंड्याच्या महिन्यात, अधिकात जवायांले जेवाले बोलावतात ना तेव्हा, सासूबाईनं मले पाटावर बसताना पाहिलं अन् म्हटलं, "आता कसे जवाई वाटते!" मी तुझ्या तोंडाकडं पाहिलं. तू अजून एक पुरणपोळी मागितली अन् तिच्यावर तूप मागितलं. मंग मीबी मागितली.

असे जिद्दीनं जेवलो आपण. पोटं वाढली, पट्टे बदलले, अन् एकाच हिवाळ्यात दोघांलेही शुगर निघाली. लिव्हरवर चरबी, तीबी दोघांच्याही. निदान तिथं तरी बरोबरीत होतो.

तू सौंसरच्या त्या तरुण डॉक्टर मॅडमकडं जाऊन राहिला, तं मीबी पांढुर्ण्याहून तिथंच आलो. पांढुर्ण्यात का डॉक्टर नव्हते? होते. पण तुले ती काय सांगते ते मले ऐकाचं होतं. आठवते ना, एकाच बाकड्यावर बसलो होतो आपण, तो बाकडा करकर वाजून राहिला होता अन् बाजूची बाई उठून उभी झाली होती.

मॅडमनं आपली सगळी तपासणी केली. तुले म्हणाली, "काका, तुमचं हृदय चांगलं आहे. तुम्ही चालताना मधे मधे जोर लावा. थोडा वेळ इतकं जोरात की दोन-तीन शब्दांच्या वर बोलता येऊ नये. मग थोडा वेळ हळू, श्वास जागेवर येईपर्यंत. मग पुन्हा जोरात." अन् मले म्हणाली, "काका, तुमचं बीपी आधी खाली येऊ द्या, गुडघाही सुजला आहे. तुम्ही मध्यम चालीनं जास्त वेळ चाला. मध्यम म्हणजे चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये."

मी म्हटलं, "मलेबी याच्यासारखं द्या ना."

ती हसली. "हे काय औषध आहे का वाटून द्यायला?"

"मंग त्याची शुगर जास्त कमी होईन का माझ्यापेक्षा?"

"दोघांचीही होईल. जोर लावला की दम जास्त वाढतो अन् वेळ कमी लागतो, हे खरं आहे. पण खुर्चीतून उठणं ही पहिली मोठी गोष्ट. जोर त्याच्या नंतर. अन् एका दिवसाच्या चालण्याचा असर एक-दोन दिवसच राहतो, म्हणून खंड पाडायचा नाही."

तिनं इतकं समजावून सांगितलं, पण मी घरी जाताना एकच गोष्ट घेऊन गेलो. तुले तिनं मोटरसायकल दिली अन् मले बैलगाडी. बसमध्ये सुनंदाले मी हेच सांगत गेलो पांढुर्णा येईस्तोवर. ती म्हणाली, "अहो, गुडघा तुमचा सुजला, तं भाऊजी काय करतीन त्याले?" बायको आपली, पण भाऊजी म्हटलं की तिचा आवाज कसा नरम होते, ते तू कधी ऐकलं नसन. मी ऐकत होतो.

तुझी बाग रामाकोन्याच्या रस्त्याले. त्या रस्त्यावरचे पोल मी लावले, मधुकर. माझी सौंसरले बदली होती तेव्हा, अंगात रग होती तेव्हा. खड्डे खोदण्यापासून तार ओढण्यापर्यंत मी होतो, उन्हात, खांद्यावर दोर घेऊन. अन् तू त्याच पोलांचं घड्याळ केलं. एक पोल जोरात, एक पोल हळू. पोल माझे अन् शुगर तुझी उतरून राहिली. याच्यावर कोण नाही जळणार, सांग बरं?

त्याच्याआधी रविवारी मी आलो की आपण त्या रस्त्यानं रमतगमत जात होतो. चालणं कमी, बोलणं जास्त. कोणता साहेब कसा आहे, यंदा बहार कसा आहे, सासूबाईनं कोणाले जास्त लोणचं दिलं. तू एकेक गोष्ट इतकी रंगवून सांगे की नाल्यावरची पुलिया कधी आली ते समजत नव्हतं. मले घरी कोणी इतकं बोलत नाही. ऑफिसात तं फाइलीशी बोलणं. आठवडाभर मी मनात गोष्टी जमा करून ठेवत होतो, रविवारी मधुकरले सांगू म्हणून.

मॅडमनं तुले दोन-तीन शब्दांच्या वर बोलू नको सांगितलं अन् तू इमानदारीनं ऐकलं. पहिल्याच रविवारी मी माझ्या नव्या साहेबाची गोष्ट सुरू केली, अन् तू म्हणाला, "थांब, हा पोल जोरात." अन् गेला! माझं वाक्य तिथंच राहिलं, रस्त्यात. मले त्या दिवशी त्या मॅडमचा इतका राग आला की काय सांगू. याची शुगर घे ना बाई, माझं बोलणं कायले घेते?

अन् तुझी ती सवय. तू जोरात पुढच्या पोलापर्यंत जात होता, पोलाले हात लावत होता, अन् मंग हळू चालीत पुढं नाही जात होता, मागं येत होता. माझ्याकडं. धापा टाकत अर्धी गोष्ट सांगत होता, "सासूबाईचा... फोन... आला होता." मी विचारत होतो, "मंग? काय म्हणे?" तं तुझा हळूचा वेळ संपला. तू पुन्हा वळला अन् चालला. बाकी गोष्ट पुढच्या चक्करले. मी मागून माझ्या मध्यम चालीनं येऊन राहिलो, एकटाच बडबडत, गुडघा धरत. मले वाटत होतं, दाखवून राहिला. पाहा, मी जाऊनबी आलो अन् तू अजून इथंच.

तू भजनी मंडळातला, छातीत दम पहिल्यापासून. मध्यम चालीत तं तू अख्खं भजन म्हणत होता. मॅडमले मी सांगितलंबी, "मॅडम, हा गाणं म्हणते." ती म्हणाली, "मग काकांची चाल अजून वाढवा." माझी चुगलीबी तुझ्याच कामी आली.

आपलं पहिलं मोठं भांडण त्या पुलियाजवळ झालं. तू म्हणाला, "पाहा, आता मी पहिल्यापेक्षा कमी दमात पोल गाठून राहिलो." मी म्हटलं, "बाबू, इथं वळण आहे. वळणावर पोल जवळ जवळ लावावे लागतात, नाही तं तार पोलाले ओढते. तुझा दम नाही वाढला, पोल जवळ आहे." तुझं तोंड एवढंसं झालं. मले भल्लं बरं वाटलं. पण तू कोणाचं ऐकणारा! परत येताना सरळ रस्त्यावरचे लांब लांब पोल तेवढ्याच दमात गाठून दाखवले अन् म्हणाला, "पोल तुझे असतीन, पाय माझे आहे."

दुसरं भांडण मात्र मिटलंच नाही. सुनंदानं माझा भात कमी केला, माझं वजन उतरलं. तुझं वजन होतं तिथंच. काट्यावर मी पुढं, चांगलाच पुढं. मी मनात पेढे वाटले. अन् मंग रक्ताचे रिपोर्ट आले. शुगर दोघांचीही उतरली होती, पण तुझी माझ्यापेक्षा जास्त. सोनोग्राफीत तुझ्या लिव्हरची चरबी कमी. तुझी एक गोळी बंद. तुझा पट्टा एक भोक आत. मी मॅडमले म्हटलं, "असं कसं? वजन माझं कमी झालं अन् गोळी याची?" ती म्हणाली, "काका, वजन न उतरताही रक्त सुधारू शकतं. स्नायूंना काम मिळालं की ते रक्तातली साखर ओढून घेतात. काटा तेवढं सांगत नाही. तुमचंही छान चाललं आहे, सोडू नका."

तुमचंही छान. ते 'ही' मले कसं टोचलं म्हणून सांगू.

बाहेर येऊन तू म्हणाला, "काटा काय सांगते बे? कापसाचं गाठोडं पाणी मारून ठेवलं तं वजन वाढते, कापूस नाही वाढत."

"मी काय गाठोडं आहे का?"

"तू नाही बे, मी गाठोडं होतो. तू कायले मनाले लावून घेतो?"

मी मनाले लावून घेतलं. तेव्हापासून आपलं एकच चालू राहिलं. मी म्हणू काटा खरा, तू म्हणे रक्त खरं. मी म्हणू हळू अन् जास्त वेळ, तू म्हणे जोरात अन् थोडा वेळ. फोनवर, लग्नात, मयतीत, बारशात, जिथं भेटलो तिथं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा मी खास तुले फोन केला, "आता तुझं सौंसर आमच्या जिल्ह्यात आलं, समजलं का?" तू म्हणाला, "जिल्हा तुले राहू दे, शुगर माझी कमी आहे." फोन ठेवून मी सुनंदावर चिडलो, चहात साखर नाही म्हणून. साखर तं कधीचीच बंद होती.

अन् मागच्या धोंड्याच्या महिन्यातलं ते जेवण. मोहगावले दोन पाट मांडले होते, रांगोळी घातली होती. सासूबाई आता थकल्या, पण पोळीवर तूप सोडताना हात थरथरत नाही त्यांचा. तू एकच पोळी खाल्ली, हात धुतले, "मी येतो जरा फिरून" म्हणाला अन् गल्लीतून तरातरा निघाला. जेवणानंतर लगेच थोडं चाललं तं शुगर चढत नाही, हे मॅडमनं मलेबी सांगितलं होतं. सासूबाई दारात उभ्या राहून तुले पाहत राहिल्या अन् मले म्हणाल्या, "वासुदेवराव, तुम्हीबी जा ना, मधुकररावांसारखं." मी काय केलं असन? दुसरी पोळी घेतली. रागात माणूस बाकी काय करन?

ज्या बाईनं एके काळी भरलेले जवाई म्हणून कौतुक केलं, तिनंच आता चालणारे जवाई म्हणून कौतुक केलं. मी भरून बसलो तं ती आता भरण्याच्या बाजूनं राहिली नव्हती, अन् चाललो तं तू आधीच पुढं निघून गेला होता. मी नेहमी पोहोचतो तेव्हा पंगत उठलेली असते.

आता तुझ्या तापाचं.

बागेत गवत कमरेएवढं झालं होतं. तू फोन केला होता, त्या दिवशी तूच केला होता. आवाज बसलेला. मी विचारलं, "काय झालं बे?" तू म्हणाला, "काही नाही, अंग दुखून राहिलं थोडं. काल जोर जास्त झाला." मी म्हटलं, "चाल अजून जोरात!" तू हसला. "ठेवतो," म्हणाला. एवढंच. आपलं शेवटचं बोलणं दोन-तीन शब्दांचंच झालं.

मंग नागपूरचा दवाखाना. तिथं डॉक्टरांनी तुझ्या काखेत एक काळी खपली शोधून काढली. गवतातला बारीक किडा चावते, त्याचा ताप असते म्हणे तो. लवकर आले असते तं साध्या गोळ्यांनी उतरला असता, असं ते म्हणाले. मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो, तुझ्यासाठी आणलेला नारळपाण्याचा डबा हातात घेऊन. आतमध्ये तू होता अन् मले आत जाऊ देत नव्हते. पुष्पाताईले जाऊ देत होते. तेव्हाबी मले वाटलं, हिले काऊन अन् मले काऊन नाही? अशा वेळीबी जळते माणूस, मधुकर. लाज वाटली, पण जळणं गेलं नाही.

तं तेरवीच्या पंगतीत मामा बोलले ते हे. पळून पळून गेला. मी पत्रावळ पुढं सरकवली अन् म्हटलं, "मामा, तो तापानं गेला. चालण्यानं नाही."

"पण तुम्हीच तं म्हणत होते ना वासुदेवराव, जोराचं चालणं चांगलं नाही?"

"मी म्हणत होतो. ते आमच्या दोघांचं होतं. तुम्ही कायले त्यात पडता?"

मले ते पटलंच नाही, की आपलं भांडण दुसऱ्या कोणी उचलावं, अन् तेबी माझ्या बाजूनं. तुले चूक म्हणायचा हक्क माझा होता. एवढ्या वर्षांत मी तो कोणाले दिला नाही, अन् आता बुंदीसोबत वाटून टाकू?

पाव्हणे गेल्यावर पुष्पाताईनं मले चहा दिला. बिनसाखरेचा, न विचारता. ती बाजूले बसली तं मले वाटलं, आता ही म्हणन, तेबी तुमच्यावर जळत होते. इतकी वर्षं मी वाट पाहून राहिलो, कोणी तरी हे म्हणावं. तू माझ्या काट्यावर जळला असशीन, माझ्या नोकरीवर, एखाद्या तरी गोष्टीवर. मी कप हातात धरून थांबलो. तिनं ते म्हटलं नाही. ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून ताप होता त्यायले. मी म्हटलं दवाखान्यात चला, तं म्हणे चालण्यानं अंग दुखून राहिलं, उतरन. अन् म्हणे वासुदेवले सांगू नको. तो म्हणन, पाहा, मी सांगत नव्हतो?"

असं म्हटलं तिनं. मंग पदरानं डोळे पुसले अन् भांडी उचलाले गेली.

अरे मूर्खा! अरे, हरला असता तं काय झालं असतं? मी म्हटलं असतं, "पाहा, मी सांगत नव्हतो?" दोन दिवस म्हटलं असतं, महिनाभर म्हटलं असतं, साऱ्या मोहगावले सांगितलं असतं. अन् तू खाटेवर पडून ऐकलं असतं अन् बरा होऊन पुन्हा माझ्या पुढं पळाला असता. एवढंच ना? ताप काय अन् अंगदुखी काय, हे तुले समजत नव्हतं असं नाही. पण ताप म्हटला तं मी जिंकतो, म्हणून तू त्याले अंगदुखी म्हटलं. इतकी किंमत कायले देत होता बे माझ्या बोलण्याले? मले तं वाटत होतं, तू माझं ऐकतच नाही.

मी डॉक्टर मॅडमकडं गेलो. तिले सरळ विचारलं, "मॅडम, जोरात चालण्यानं गेला का तो?"

"नाही काका. त्या तापानं गेले. चालण्यानं नाही." अन् ती खिडकीकडं पाहाले लागली. तिचे डोळे भरले होते. मी खुर्चीत बसलो होतो अन् माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्यासाठी ही रडन का? सगळे पेशंट सोडून खिडकीकडं पाहन का? पाहा, मी असा आहे.

मंग तिनं माझं बीपी पाहिलं, गुडघा दाबून पाहिला, छातीले तारा लावून हृदयाची पट्टी काढली. म्हणाली, "काका, तुमचं पुष्कळ सुधारलं आहे. आता तुम्हीही थोडा जोर लावून पाहा. थोडाच. छातीत दुखलं, चक्कर आली की लगेच थांबायचं." इतकी वर्षं मी जे मागत होतो, ते तिनं आता दिलं. कोणाले दाखवू ते?

काल सकाळी मी रामाकोन्याच्या रस्त्याले आलो. सुनंदाले सांगितलं, पुष्पाताईले भेटून येतो. ते खोटं नव्हतं, पण पहिले रस्त्यावर आलो. बागेत फळ धरलं आहे, तुझं गवत आता कापून टाकलं. वळणावरचे जवळचे पोल मी सोडून दिले. तू म्हणाला असता, बेईमानी करून राहिला. सरळ रस्त्यावरचा लांबचा पोल पाहिला अन् निघालो जोरात.

मधुकर, हे सोपं नाही. मले वाटत होतं, तू सहज करत होता. अर्ध्यातच माझ्या छातीत भाता सुरू झाला, मांड्या पेटल्या, तोंड उघडं पडलं. दुखलं नाही कुठं, नुसता दम. पोल काही जवळ येईना. मीच लावला होता इतका लांब. शेवटी हात टेकला त्याच्यावर, अन् तुझ्यासारखाच मागं वळलो, हळू चालीनं परत जाऊ म्हणून.

रस्ता रिकामा होता.

तू इथून काय पाहत होता ते मले काल समजलं. तू पोलाले हात लावून वळत होता तेव्हा तिकडून मी येत होतो. घामेजलेला, गुडघा धरून, तोंडानं एकटाच बडबडत. तुले मागं येण्यासाठी कोणी तरी होतं. तू रोज जोरात पुढं जात होता अन् रविवारी हळूचा प्रत्येक पोल माझ्यावर घालवत होता. मले पुढं जायले भेटलं, तं मागं कोणीच नाही. इथंबी जास्तीचं तूच घेऊन गेला, लेका.

तुले सांगाले मी पांढुर्ण्यापासून पुष्कळ काही जमा करून आणलं होतं. साहेबाची ती राहिलेली गोष्ट होती, शिव्या होत्या, त्या तापाचा हिशोब होता. पण दम भरला होता, तोंडातून दोन-तीन शब्दांच्या वर काही निघत नव्हतं.

"ये ना बे," म्हटलं.